मास्क मारलेला हात फ्लेक्सवर पुन्हा उगवतो तेव्हा

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या आठवड्यातली गोष्ट. वाढदिवसाचा बॅनर, १० बाय ८ फूट. मुलाचा बरा म्हणावा असा फोटो एकच, तोही कुणाच्या तरी हळदीतला ग्रुप फोटो, आणि त्यात मागच्या मित्राने याच्या डोक्यावर दोन बोटांची शिंगं धरलेली. आमच्या दुकानातल्या पोराने फोटोशॉपमध्ये मुलाला कट केलं, शिंगं लपवायला मास्कमध्ये काळा ब्रश फिरवला, मागे पांढऱ्याकडून पिवळ्याकडे जाणारा ग्रेडियंट टाकला. रात्री फाइल जळगावला मशीनवर गेली, सकाळच्या एसटीने रोल अमळनेरला आला, नऊ वाजता बॅनर चौकात. साडेनऊला मुलाचे काका दुकानात उभे.

"भाऊ, हाऊ कोना हात शे?"

जाऊन पाहिलं तर वाढदिवसाच्या मुलाच्या डोक्यावर धुक्यासारखा एक पंजा, दोन बोटं वर. मित्रमंडळी खाली उभी राहून तशीच बोटं धरून सेल्फी काढत होती.

या सीझनमधली ही तिसरी वेळ. पहिल्यांदा मी मशीनवाल्यावर चिडलो, दुसऱ्यांदा पोरावर. मशीनवाल्याची मात्र मनातल्या मनात माफी मागितली, कारण आपण पाठवतो ती फाइल चपटी केलेली असते. त्यात लेयरही (एकावर एक ठेवलेले चित्राचे थर) नसतात आणि मास्कही नसतो. जे भूत आहे ते आपल्याच दुकानात फाइलमध्ये शिजलेलं असतं, मशीन फक्त ते ८० चौरस फुटांवर पसरवतं.

तिसऱ्यांदा मात्र दुपारी शटर अर्धं खाली ओढून (बाहेर ४४ डिग्री होतं, गिऱ्हाईक कुठून येणार) मी पीएसडी (फोटोशॉपची लेयरसकटची मूळ फाइल) उघडली आणि कारण सापडेपर्यंत उठायचं नाही असं ठरवलं. कारण सापडलं, आणि ते इतकं फालतू निघालं की हसावं की रडावं कळेना. फ्लेक्स किंवा लग्नाचे अल्बम करणाऱ्या कुणालाही हे छळत असणार म्हणून लिहितोय. सगळं फोटोशॉपबद्दल आहे, गिम्प हे दुसरं फोटोचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी शेवटी थोडं लिहिलंय.

आधी मास्क उघडून बघा

आपण सगळे एक चूक करतो. गडबड मास्कमध्ये असते आणि आपण फोटोकडे बघत बसतो. मास्क म्हणजे त्या लेयरच्या मापाचं दुसरं एक चित्र, फक्त काळ्या-पांढऱ्या-करड्या रंगातलं. जिथे पांढरं तिथे फोटो दिसतो, जिथे काळं तिथे लपतो, जिथे करडं तिथे अर्धामुर्धा दिसतो. आठ बिटच्या फाइलमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. ० म्हणजे पूर्ण झाकलेलं. १ म्हणजे पूर्ण झाकलेलं नाही. सगळी मेख इथे आहे.

लेयर पॅनेलमध्ये फोटोच्या शेजारी मास्कची छोटी खिडकी असते. आल्ट दाबून तिच्यावर क्लिक करा. फोटो जाऊन अख्ख्या स्क्रीनवर मास्कच उघडतो. परत आल्ट-क्लिक केलं की फोटो परत. शिफ्ट-क्लिक केलं तर मास्कवर लाल फुली येते आणि तो तात्पुरता बंद होतो. आणि बॅकस्लॅशची कळ दाबली तर फोटोवर मास्क लाल काचेसारखा पसरतो. हा लाल रंग उगाच निवडलेला नाही. ऑफसेट छपाईच्या काळात प्लेट बनवण्याआधी लाल फिल्म ब्लेडने कापून नको तो भाग झाकायचे, रुबीलिथ म्हणायचे तिला. तीच आठवण फोटोशॉपमध्ये राहून गेली. लेयर आणि लेयर मास्क आले ते १९९४ च्या ३.० आवृत्तीत.

तर मी आल्ट-क्लिक केलं. पोरगा मागे उभा. मास्क उघडला, मुलाची आकृती पांढरी, बाकी सगळं काळंभोर. शिंगांचा मागमूस नाही.

"बघा ना भाऊ, मी ते काळाच रंग मारेल व्हता," पोरगा म्हणाला.

डोळ्यांना काळंच होतं. मग आयड्रॉपर (रंग मोजायचं टूल) घेतला आणि जिथे शिंगं असायला हवी होती तिथे टोचला. रंगाच्या खिडकीत बीचा, म्हणजे ब्राइटनेसचा, आकडा शून्य यायला हवा होता, तो आला नाही. दोन बोटं बाजूला टोचला, तिथे शून्य. म्हणजे त्या काळ्यात एक हाताच्या आकाराचा जरासा कमी काळा डाग लपलेला होता. तो दाखवायची आमच्या जुन्या मॉनिटरची ताकदच नव्हती, आणि समोरच्या शटरमधून येणाऱ्या उजेडात तर अजिबातच नाही. पांढऱ्या-पिवळ्या पार्श्वभूमीवर छापून भर उन्हात टांगल्यावर मात्र तो दिसणारच.

९३ टक्के आले कुठून?

ब्रश घेतला. वर ओपॅसिटी (रंग किती टक्के लागतो ते) १०० असायला हवी, होती ९३. म्हणजे काळा रंग ९३ टक्केच लागला, ७ टक्के हात शिल्लक. हिशेबाने मास्कमध्ये त्या जागी शून्याऐवजी १८ च्या आसपास आकडा.

पोराला विचारलं, ९३ तू केलंस? नाही म्हणाला, आणि ते खरंही होतं. ९३ कुणी मुद्दाम करत नाही. मग त्याच्या आधीच्या दोन बिघडलेल्या फाइली आठवून बघितल्या, पण पत्ता लागेना. शेवटी माझी नजर बॅनरच्या खालच्या पट्टीवर गेली. शुभेच्छुकाचा मोबाइल नंबर. शेवटचे दोन आकडे ९ आणि ३.

फोटोशॉपमध्ये ब्रश हातात असताना कीबोर्डवरचा आकडा दाबला की ओपॅसिटी बदलते. ५ दाबा, ५० टक्के. १ दाबा, १० टक्के. ० दाबा, १००. दोन आकडे पटापट दाबले तर नेमके तेवढे टक्के. शिफ्ट धरून दाबले तर फ्लो बदलतो. कामाचा शॉर्टकट आहे, पण आमच्यासारख्या दुकानात सापळा. गिऱ्हाईक शेजारी उभं राहून नंबर सांगतंय, पोराला वाटतंय टेक्स्ट टूल चालू आहे, तो भराभर दहा आकडे मारतो, स्क्रीनवर काहीच उमटत नाही. "अरे," म्हणतो, टी दाबतो, पुन्हा नंबर टाकतो, आता उमटतो. पण पहिल्या वेळी दाबलेले दहा आकडे ब्रशने गिळलेले असतात आणि शेवटची जोडी ओपॅसिटीत जाऊन बसलेली असते. मग गिऱ्हाईक म्हणतं, तो हात तेवढा काढ. आणि तो ९३ टक्क्यांनी हात काढतो.

नंबर २० वर संपणारा असता तर तिथल्या तिथे कळलं असतं. ९० च्या पुढचे नंबर घात करतात. आता आमच्याकडे नियम आहे, नंबर आणि तारखा आधी नोटपॅडमध्ये, तिथून कॉपी-पेस्ट. नाव चुकण्याची शक्यताही त्याने कमी झाली, हा वरचा फायदा.

भूत उतरवायचं कसं

पुन्हा अख्खा मास्क रंगवत बसू नका. मास्कच्या खिडकीवर क्लिक करा, लॅसोने (हाताने सिलेक्शन काढायच्या टूलने) शंकेच्या जागेभोवती ऐसपैस गोल मारा, मुलाचे केस त्यात घेऊ नका. डी दाबा. मास्क चालू असताना डी दाबलं की पुढचा रंग पांढरा आणि मागचा काळा होतो. मग कंट्रोल-बॅकस्पेस. एवढ्या भागात पूर्ण काळं भरलं, शून्य. कंट्रोल-डीने सिलेक्शन सोडा.

डाग केसांना किंवा साडीच्या झिरझिरीत पदराला खेटून असेल तर असं भरता येत नाही, कारण तिथलं करडं आपल्याला हवं असतं. तिथे लॅसोने तेवढाच भाग घ्या, कंट्रोल-एलने लेव्हल्स उघडा आणि डावीकडचा काळा त्रिकोण ० वरून २५ च्या आसपास सरकवा. २५ पेक्षा कमी होतं ते सगळं शून्यावर येतं. अख्ख्या मास्कवर हे करू नका. कडा थोडी थोडी आत खाल्ली जाते, आणि चार वेळा केलं की नवरदेवाचे केस हेल्मेटसारखे दिसायला लागतात.

आणि फाइल पाठवण्याआधीची माझी आताची तपासणी सांगतो, दोन मिनिटं लागतात. कट केलेल्या फोटोच्या खाली एक पूर्ण काळा लेयर ठेवतो आणि सगळ्यांच्या वर लेव्हल्सचा ॲडजस्टमेंट लेयर. त्यातला उजवीकडचा पांढरा त्रिकोण २५५ वरून ओढत ४० पर्यंत आणतो. फोटो जळाल्यासारखा पांढराफटक होतो, होऊ दे. पण काळ्यावर कुठे हात, माइक, मंडपाचा बांबू उरला असेल तर तो चंद्रासारखा उजळून वर येतो. मग खालचा लेयर पांढरा करून, उजवा त्रिकोण परत २५५ वर ठेवून डावा त्रिकोण २१५ पर्यंत नेतो, काळ्या केसांचे आणि गडद कपड्यांचे उरलेसुरले डाग त्यात पकडले जातात. झालं की दोन्ही लेयर पुसून टाका. ते विसरून तसंच छापलं तर काय होतं ते विचारू नका.

तो जुना बॅनर मेहुण्याने कडब्याच्या गंजीवर टाकायला नेला. पाऊस अडवतो, शिंगांसकट. ८० फुटांचे पैसे माझे गेले.

ओपॅसिटी शंभर आहे तरी भूत राहतं?

मग रंग तपासा. मास्कवर फक्त करडेच रंग चालतात. बॅनरच्या अक्षरांचा गडद निळा किंवा मरून पुढच्या रंगात बसलेला असेल आणि तुम्ही मास्कवर गेलात तर तो त्याचा करडा होऊन लागतो. दिसायला गडद, पण काळा नाही. मास्कवर गेल्या गेल्या डी दाबायची सवय लावा आणि एक्सने काळं-पांढरं अदलाबदल करा. स्वॅचमधून रंग उचलायचाच नाही.

ब्रशचा मोडही एकदा बघा. कुणीतरी ओव्हरले करून ठेवला असेल तर पूर्ण पांढऱ्यावर काळा फिरवूनही काहीच होत नाही, फक्त करड्या कडा हलतात. केसांसाठी ही युक्ती मुद्दाम वापरतात, नंतर नॉर्मल करायला विसरतात.

मऊ ब्रशचं वेगळंच. दोन फटकाऱ्यांच्या मधे फट राहते, मास्क उघडून बघितला की शेतात नांगर न लागलेल्या पट्ट्या दिसाव्यात तशा करड्या पट्ट्या दिसतात. कडेला मऊ ब्रश वापरा, लांबचा भाग मात्र कडक ब्रशने किंवा लॅसोने सरळ भरून टाका.

मास्कऐवजी तोंडच काळं झालं

हा दुसऱ्या नंबरचा फोन. "दादा, मास्कवर काळं मारतोय तर फोटोवरच काळं पडतंय." फोटोची खिडकी चालू आहे, मास्कची नाही. जी चालू तिच्याभोवती चौकट दिसते, पण ती इतकी बारीक असते की मी तिच्यावर विश्वास ठेवत नाही. वर फाइलच्या नावाच्या टॅबकडे बघा. कंसात लेयरचं नाव आणि त्यापुढे "लेयर मास्क/८" लिहिलेलं असेल तर तुम्ही मास्कवर आहात. "आरजीबी/८" किंवा "सीएमवायके/८" असेल तर फोटोवर आहात, हात थांबवा. लेयर बदलून परत आलं की हे हमखास होतं.

पोरांना मी सांगतो, पहिला फटकारा कपाळापासून लांब कुठेतरी मारून बघ. नवरीच्या नाकावर पहिला प्रयोग कशाला?

ब्रश फिरतच नाही

बहुतेक वेळा कुठेतरी सिलेक्शन जिवंत असतं. कंट्रोल-एचने सिलेक्शनभोवतीची मुंग्यांची रांग दिसेनाशी होते, पण सिलेक्शन जात नाही, आणि त्याच्या बाहेर ब्रश मुका होतो. कंट्रोल-डी दाबा. तरीही नाही? मग लेयर ज्या ग्रुपमध्ये आहे त्या ग्रुपलाच मास्क आहे का बघा. घरातला दिवा लावला तरी गल्लीतला फ्यूज उडालेला असेल तर काय उपयोग. ग्रुपचा मास्क काळा असेल तर आतल्या लेयरवर किती पांढरं मारा, काही दिसणार नाही.

मास्क जोडल्या जोडल्या फोटोच गायब झाला असेल तर मास्क जोडताना चुकून आल्ट दाबलं गेलं, पूर्ण काळा मास्क लागला. मास्कवर राहून कंट्रोल-आय. परत आला.

फोटो सरकवला आणि मास्क जागेवरच राहिला, किंवा उलट, तर दोन खिडक्यांमधली साखळी बघा. तिच्यावर क्लिक केलं की सुटते, परत केलं की लागते.

पांढरी किनार

हे भूत नव्हे, पण तक्रार तीच. स्टुडिओच्या पांढऱ्या पडद्यासमोर काढलेला फोटो गडद मरूनवर टाकला की माणसाभोवती खडूने रेघ मारल्यासारखं दिसतं. कडेच्या पिक्सेलमध्ये मागचा पांढरा मिसळलेला असतो, मास्क कितीही नेटका केला तरी तो पिक्सेल पांढुरकाच राहणार. मास्क एक-दोन पिक्सेल आत घ्या. फिल्टरमध्ये अदरखाली मिनिमम आहे, ते मास्कवर चालवलं की काळं पसरतं आणि पांढरं आकसतं. १ पुरे, फार तर २. केस असतील तर सिलेक्ट अँड मास्क उघडा (२०१६ पासून रिफाइन एजच्या जागी हेच आलंय), शिफ्ट एज थोडं उणे करा आणि डीकंटॅमिनेट कलर्सवर टिक लावा. डीकंटॅमिनेट खऱ्या पिक्सेलचा रंग बदलतं म्हणून निकाल नवीन लेयरवर काढायला सांगतं, ते बरंच आहे.

पण खरं सांगू? फ्लेक्ससाठी केस न केस सोडवत बसणं मला पटत नाही. रस्त्यावरून वीस फुटांवरून बघणाऱ्याला बटा दिसत नाहीत, हात दिसतो. तो वेळ अल्बमला द्या. नवरीची आई अल्बम मांडीवर घेऊन नाकाजवळ धरून बघते.

आणि निम्मी किनार कट करण्याच्या चुकीने नसते, व्हॉट्सॲपने येते. तिथून फोटो दाबून, लहान करून येतो, कडेला चौकोनी चौकोनी मळ चढतो आणि मास्क त्या मळावरच बसतो. गिऱ्हाइकाला सांगा, फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव. सांगूनही तसाच पाठवतात. आमच्याकडे फोटोचा विषय निघाला की म्हातारी माणसं चाळीसगावच्या केकी मूस यांचं नाव काढतात. टेबलावर वस्तू मांडून जगभराचे देखावे उभे करायचा तो माणूस, तेही कॉम्प्युटरशिवाय. आम्हाला व्हॉट्सॲपवर आलेल्या ६० केबीच्या फोटोतून भावी सरपंच उभा करायचा असतो.

गिम्प आणि कोरलवाल्यांसाठी

गिम्पमध्ये मास्कची कल्पना हीच आहे. मास्कच्या खिडकीवर आल्ट-क्लिक केलं की मास्क दिसतो आणि चौकट हिरवी होते, कंट्रोल-क्लिक केलं की मास्क बंद आणि चौकट लाल. लिनक्सवर काही ठिकाणी आल्ट-क्लिक डेस्कटॉपच खाऊन टाकतो आणि खिडकीच सरकते, तिथे लेयरच्या मेन्यूतून मास्क दाखवण्याचा पर्याय घ्या. आणि आमचा नंबरचा घोळ तिथे होत नाही. गिम्पमध्ये १ ते ५ आकडे झूमचे आहेत. नंबर चुकून टाइप केला तर चित्र एकदम आठपट-सोळापट मोठं होतं आणि पोरगा दचकून जागा होतो.

कोरलड्रॉच्या पॉवरक्लिपला (फोटो एखाद्या आकारात बसवायची सोय) आमच्याकडे लोक मास्क म्हणतात, पण तिथे आकाराची कड असते, आत किंवा बाहेर, मधलं करडं नाही. त्यामुळे तिथे भूत उगवत नाही, तिथे फक्त कान कापला जातो.

वैशाखात आमच्या अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा बोरी नदीच्या पात्रात भरते, तेव्हा रात्री दोन-दोनपर्यंत बॅनर चालतात. त्या गर्दीतही पोरगा आता ब्रश हातात घेतला की आधी शून्य दाबतो. ब्रश नसला तरी दाबतो. परवा टेक्स्ट टूल चालू असताना दाबलं आणि एका शुभेच्छुकाचा नंबर अकरा आकडी झाला.